दुसऱ्या जोडीचा महिना

वेणू कोलंबी सोलत होती आणि मी टाकीसमोर बसलो होतो, म्हणजे रविवार होता. मी आईबाबांचा विषय काढला. काढला म्हणजे काय, टाकीच्या काचेकडे तोंड करून बोललो. बायकोकडे तोंड करून असले विषय काढायची आमच्यात पद्धत नाही. बाबा दोन महिने खाली उतरलेले नाहीत, म्हटलं. बदलापूरच्या त्या भाड्याच्या खोलीला तीन जिने, लिफ्ट नाही, गुडघा वाकत नाही. माणूस खिडकीत बसून खालच्या रिक्षा बघतो आणि आई त्याच्याकडे बघत बसते. गावठाणातलं घर पाडून बिल्डरनं तीन वर्षांत नवीन देतो म्हटलंय, म्हणजे सहा धरा. आपल्याकडे लिफ्ट आहे. आपली लेक जिज्ञासा पुण्याला नोकरीला गेल्यापासून तिची खोली रिकामीच आहे, तुझं शिलाई मशीन तेवढं आहे तिथं. वेणूनं चार कोलंब्या सोलल्या, पाचवीचा काळा दोरा काढला आणि मान वर न करता म्हणाली, "अहो, त्या तुमच्या डब्यात आधी दुसरी जोडी नांदवून दाखवा. महिनाभर. नांदली, तर आणा आईबाबांना." जिना संपला समजून पाय टाकावा आणि खाली अजून एक पायरी निघावी, तसं झालं मला. थट्टा होती हे कळत होतं. पण नाही म्हटलेलं नव्हतं! चोवीस वर्षांच्या संसारात या विषयावर नाही न म्हटल्याची ही पहिली वेळ. मी तोंड काचेकडेच ठेवून म्हटलं, "बरं." तशी तिनं मान वर केली.

आता डबा म्हणजे काय ते सांगतो, कारण वेणूच्या तोंडून ऐकाल तर बिस्किटांचा डबा वाटेल. पाच फूट लांब टाकी आहे. आत समुद्राचं पाणी, खडक, पोवळी, मधोमध हलत्या बोटांचं एक समुद्रफूल, आणि त्या फुलात राहणारी क्लाउनफिशची एक जोडी. नारिंगी अंग, पांढरे पट्टे. आमच्या शिवमंदिराकडची पोरं बघायला येतात आणि जोकर मासा जोकर मासा म्हणून काचेवर बोटं उमटवून जातात. दोघांतली मोठी ती बाई. तिला मी मालकीण म्हणतो. लहान तो तिचा नवरा, त्याला नाव द्यायची कधी गरज पडली नाही. या जातीत सगळे नर म्हणूनच जन्मतात, मग त्यातला जो मोठा होतो, वरचढ होतो, त्याची मादी होते. ही माहिती मी मोठ्या कौतुकानं वेणूला सांगितली होती तेव्हा ती म्हणाली, "अक्कल आल्यावर होत असतील." नवऱ्याचं काम एकच. मालकीण जवळ आली की त्यानं अंग तिरकं करून थरथरून दाखवायचं, म्हणजे तू मोठी, मी लहान, मला मारू नको. दिवसातून वीस वेळा थरथरतो बिचारा. मी ते बघत बसलो की मला फार शांत वाटतं. आनंदनगरच्या कारखान्यात, रंगांच्या लॅबमध्ये, मी सत्तावीस वर्षं मोजमापं करतो आहे आणि वरच्या साहेबापुढे कसा उभा राहतो ते कोणी बाजूनं बघितलं तर त्यालाही शांत वाटत असेल.

या टाकीला मीठ लागतं. स्वयंपाकाचं चालत नाही, बादलीतून येणारं परदेशी मीठ लागतं. पहिली बादली आणली त्या दिवशी आई घरी आलेली होती. तिनं झाकण उघडलं, चिमूटभर तळहातावर घेतलं आणि अशी हसायला लागली की तिला पाणी द्यावं लागलं. "आगऱ्याचा पोर मीठ इकत घेतंय! आनि ता पन बालदीन भरून! तुजा आजा वर बसून कपाल बडवीत आसंल." आईचं माहेर उरणकडचं, मिठागरातलं. लग्न होऊन इकडे भातशेतीत येईपर्यंत तिनं सोळा वर्षं मिठाच्या पाण्यात पाय घालून काढली. तिच्या पायांना अजूनही भेगा आहेत, आणि तिच्या उजव्या हाताचं पहिलं बोट... या बोटाबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण आमच्या घरातलं सगळं महाभारत त्या बोटानं केलं.

लग्न झालं तेव्हा आम्ही गावठाणातच होतो. वेणू चोवीस-पंचवीसची, हाताला चव होती, अजूनही आहे. ती कालवण करायची. चुलीवरून उतरवायच्या आधी आई मागून यायची, पातेल्यात बोट बुडवायची, चाटायची आणि सांगायची: "खारा झाला." किंवा: "अलनी हाय." बस, एवढंच. रागानं नाही, हिणवून नाही, घड्याळ बघून कोणी किती वाजले सांगावं तसं. आणि वाईट हे, की ते बरोबर असायचं. दरवेळी! एकदाही ती बाई चुकली नाही. पाहुणे असोत, वेणूचा भाऊ आलेला असो, हळदीचा दोनशे माणसांचा टोप असो, बोट बुडायचंच. वेणू पदराशी चाळा करत बाजूला उभी राहायची. मी ओटीवरून ते बघायचो आणि बाहेर निघून जायचो. आईला एका शब्दानं म्हणालो नाही की आई, नको करूस. का नाही म्हणालो? मला वाटायचं, मीठ तर मीठ, त्यात काय एवढं. आता टाकीत नवरा थरथरताना दिसला की कधीकधी ती चुलीपाशी उभी असलेली वेणूच आठवते, मग मला तेवढं शांत वाटत नाही. आठ वर्षं तिनं ते सोसलं. मग आम्ही अंबरनाथला फ्लॅट घेतला, आणि नव्या स्वयंपाकघरात पहिल्या दिवशी तिनं मिठाची बरणी सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली. आईचा हात पोचणार नाही इतक्या वर. आई पाहुणी म्हणून येते, बाहेर बसते, जेवते, जाते. कालवणाबद्दल बोलत नाही. पण पहिल्या घासाला तिचे डोळे जरासे बारीक होतात, आणि वेणू नेमकी तेव्हा तिच्याकडेच बघत असते.

तर दुसरी जोडी. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये लच्छू सेठचं दुकान आहे, एका बाजूला पडद्यांचं कापड, एका बाजूला मासे. लच्छू सेठ सिंधी, वय साठच्या पुढे, माणूस लाख. माशांचं त्याला जेवढं कळतं तेवढं पुस्तकांना कळत नाही. मी जोडी मागितली तशी त्यानं चष्मा वर केला. "साईं, तुमच्याकडे जोडी आहे ना?" म्हटलं, आहे, आणखी एक हवी. "एक टंकी, एक मालकिन. दुसरी टाकली तर मारामारी होणार. मला काय, मी विकेन, माझा धंदा आहे. पण नंतर रोने का नहीं." मी म्हटलं, पाच फुटांची टाकी आहे, दोन टोकं आहेत. तो म्हणाला, "साईं, माझं घर आठ खोल्यांचं होतं. माझी आई आणि माझी बायको, दोघी एकाच खोलीत भांडायच्या." मग त्यालाच माझी दया आली असावी. त्यानं लहानातली लहान, मऊ स्वभावाची म्हणून एक जोडी निवडून पिशवीत भरली. वर सल्ला दिला: टाकण्याआधी आतले खडक सगळे हलव, म्हणजे जुनीला पण घर नवीन वाटेल, दिवा बंद करून सोड, आणि पहिले आठ दिवस जाळीच्या डब्यात ठेव, एकमेकींचं तोंड दिसू दे, दात लागू देऊ नको. मी पिशवी शर्टाच्या आत पोटाशी धरून रिक्षात बसलो. विठ्ठलवाडी डेपोपाशी रिक्षा अशी आपटली की पोटावर थंड पाणी हिंदकळलं आणि आत काहीतरी शिवशिवलं. रिक्षावाला आरशातून बघत होता. "काका, बरं वाटत नाय का?" म्हटलं, बरं आहे, चालव तू. खरं सांगायचं तर भीती वाटत होती. दोन माशांच्या जिवावर मी माझ्या बापाचा जिना पणाला लावला होता, आणि हे जगात कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

दाराशी वेणू. पिशवी बघून तिचं तोंड उघडंच राहिलं. "अहो, तुम्ही खरंच आणली?" तूच म्हणालीस ना, म्हटलं. ती आत गेली, आणि येताना भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. पिशवीवरून तीनदा ओवाळलं, तुकडा जिन्यात टाकला. "हसू नका. नवीन जोडी आहे, कोणाची नजर लागली तर खापर माझ्यावर फोडाल." सगळी संध्याकाळ मी कोपरापर्यंत हात टाकीत घालून खडक हलवले. मालकीण माझ्या अंगठ्याला चावत होती. तिचं फूल मी डावीकडे नेलं, उजवीकडे नव्या जोडीला एक मोठी कपार करून दिली, दिवा घालवला, जाळीचा डबा आत टांगला. अंधारात त्या दोघांचे पांढरे पट्टे तेवढे दिसत होते. वेणू मागे उभी राहून म्हणाली, "खोली तर चांगली दिलीत."

आठ दिवस मालकीण जाळीबाहेर पहारा देत होती. पोहत नव्हती, नुसती समोर तरंगत राहायची आणि बघायची. मी कामावरून आलो की वेणू अहवाल द्यायची, आणि ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की ही दुपारची सीरियल सोडून टाकीसमोर बसते. "सकाळपासून अकरा वेळा जाळीला तोंड मारलंन. नवरा मागे उभा राहून नुसता बघतोय, शुंभ कुठला! एक अक्षर बोलत नाही." शुंभ म्हणताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही, त्याची गरजही नव्हती. नवव्या दिवशी जाळी काढली. मालकीण सरळ नव्या बाईच्या अंगावर गेली आणि तिची शेपटी कातरली. नवी बाई कपारीत शिरली. खायला टाकलं की मालकीण आपलं टोक सोडून उजवीकडे यायची, खायची नाही, नुसती अन्नाच्या आणि त्यांच्या मध्ये उभी राहायची. "तिला खाऊ द्या की!" वेणू काचेवर टकटक करून ओरडली. "भरलेल्या ताटावरून उठवते मेली!" मग तिनं स्वतःच उपाय काढला. डावीकडे मी मालकिणीला मूठभर टाकायचं, तेवढ्यात उजवीकडे ही चमच्यानं नव्यांना भरवणार. दोघं नवराबायको पन्नाशीच्या आसपासची, टाकीच्या दोन टोकांना स्टुलावर उभी, एक दोन तीन म्हणून एकदम अन्न टाकतो आहोत. माझ्या मनात आलं, लग्नानंतरची आठ वर्षं आम्ही असं कधी एकत्र काहीच केलं नव्हतं. हे मी बोललो नाही. स्टुलावर उभं राहून असलं बोलवत नाही.

अकराव्या दिवशी सकाळी पहिल्या पाळीला निघताना बूट शोधायला मी सोफ्याखाली हात घातला आणि हाताला काहीतरी वाळकं लागलं. नवा नवरा. टाकीला झाकण आहे, पण वायरी आत सोडायला कोपऱ्यात चार बोटांची फट आहे, त्या फटीतून त्यानं उडी मारली होती. धुळीत लोळून तो सुक्या बोंबिलाच्या तुकड्यासारखा झाला होता. मी तिथंच फरशीवर बसलो. स्वयंपाकघरात वेणू डबा भरत होती, चपात्यांचा वास येत होता. आता आत जाऊन सांगायचं, वेणू, हरलो. मग बदलापूरची ती खिडकी. मागच्या रविवारी बाबा म्हणाले होते, त्या बाजूच्या रिक्षा मना नंबरावरून वलखू येतात आता. हसत म्हणाले होते. मी उठलो, नवऱ्याला रुमालात गुंडाळलं आणि गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत बोटानं खड्डा करून पुरलं. चोपन्न वर्षांचा माणूस, एका डिपार्टमेंटचा इनचार्ज, सकाळच्या प्रहरी कुंडीत मासा पुरतो आहे आणि वर माती थापटतो आहे! आतून आवाज आला, "काय करताय गॅलरीत?" म्हटलं, पाणी घालतोय. "आजच बरं सुचलं."

त्या दिवशी मी अर्धी पाळी टाकून उल्हासनगरला गेलो. लच्छू सेठनं काही विचारलं नाही, नुसता एक लहान नर जाळीत धरून समोर केला. मधला पांढरा पट्टा एका बाजूला अर्ध्यातच तुटलेला. म्हटलं, दुसरा नाही का? "एकच आहे, साईं. पट्टा कोण बघतो?" वेणूची भिशी चारला असते. सव्वाचारला मी घरात शिरलो, पाचपर्यंत मासा टाकीत. संध्याकाळी ती आली, टाकीसमोर उभी राहिली, बराच वेळ उभी राहिली. माझ्या मानेवर घाम आला. लॅबमध्ये चुकीचा आकडा लिहिला आणि साहेब ती वही हातात घेऊन उभा राहिला की असा घाम येतो. "चार," ती म्हणाली. "हो," मी म्हणालो. "जेवायला काय करू?" दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर तिचं शिलाई मशीन गॅलरीत आलेलं, कुंड्यांच्या शेजारी. तिथं उजेड चांगला येतो, म्हणाली. मला तेव्हा मशीनचं काही वाटलं नाही, कुंडीचं वाटलं. बसल्याबसल्या हिनं कढीपत्त्याला खुरपलं तर?

खोटं बोलून माणूस किती दिवस नीट झोपतो त्याचा मला अंदाज नव्हता. तुटक्या पट्ट्याचा मासा दिवसभर माझ्याकडे तीच बाजू करून राहायचा. वर एक वेगळंच सुरू झालं. नव्या जोडीची मारामारी थांबली, पण दोघं पाण्याच्या वरच्या थरात येऊन राहिले, तोंडं उघडी, कल्ले धापा टाकल्यासारखे. खाईनात. चार-पाच दिवसांनी मालकीणसुद्धा फूल सोडून वर यायला लागली. मी सगळं तपासलं. हे तपासलं, ते तपासलं, खारेपणा मोजला. त्याचं एक रिफ्रॅक्टोमीटर येतं, छोट्या दुर्बिणीसारखी नळी, टोकाशी थेंब ठेवायचा आणि डोळा लावून आतली रेघ कितीवर आहे ते वाचायचं. पस्तीस. अगदी पस्तीस, जेवढं हवं तेवढंच. तीन वर्षं मी पस्तीस ठेवतो आहे, कोणी यावं आणि बघावं. वेणू म्हणायची, पाण्यातच काहीतरी आहे. मी म्हणायचो, आकडा बघ. आकडा बरोबर असताना चार जीव डोळ्यांदेखत वर येऊन धापा टाकतात, आणि आपण नुसते पुन्हा पुन्हा तोच आकडा वाचत बसतो. सव्विसावा दिवस उजाडला. चार दिवस राहिले होते, आणि ते चौघं चार दिवस काढतील असं काही दिसत नव्हतं.

सव्विसाव्या दिवशी बाबांना अंबरनाथला गुडघ्याच्या डॉक्टरकडे आणायचं होतं. बदलापूरचा आण्णा रिक्षावाला माझा शाळेतला दोस्त. मी आणि तो, दोघांनी बाबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तीन जिने उतरवलं. बाबा खुर्चीचे हात घट्ट धरून प्रत्येक मजल्यावर शेजाऱ्यांना हात करत होते, नवरदेवाची वरात निघावी तसे. आई मागून कागदांची पिशवी घेऊन. "आण्णा, जपून रे, म्हातारा एकच हाय." डॉक्टरनं गोळ्या दिल्या, जिने अजिबात नकोत म्हणाला, आणि जेवायच्या वेळेला आम्ही घरी आलो. वेणूनं पाणी दिलं, पाया पडली, आत गेली. कालवण गॅसवर होतं, वास येत होता. बाबा सोफ्यावर लवंडले. आई टाकीपाशी गेली.

"चंद्या, ये असे वर का आलेत?"

म्हटलं, बघतोय मी, होईल ठीक. आईनं टाकीचं झाकण सारलं, आणि मी हां हां म्हणेपर्यंत बोट बुडवलं आणि चाटलं. तेच बोट. "लय खारा हाय."

"आई, बरोबर आहे ते. यंत्रावर मोजलंय मी."

"तुजा यंतर खोटा बोलतंय."

माझं टाळकं सरकलं. सत्तावीस वर्षं, म्हटलं, मी हेच करतो! मोजायचं काम करतो मी! ते यंत्र परदेशी आहे, तुझ्या बोटाला काय कळतं? आई शांतपणे पदराला बोट पुसत होती. "आमचे मिठाचे कोंडीन पानी पिकाया आला का बारके मासे असेच वर यायचे, तोंडा उघडून. मंग माजा बाप सांगायचा, आता मीठ धरंल." स्वयंपाकघराच्या दारात वेणू येऊन उभी राहिली होती, हातात डाव. मी तावातावानं आत गेलो, पिण्याच्या फिल्टरचं पाणी घेतलं, नळीच्या टोकाशी थेंब ठेवला, म्हटलं हिच्यासमोरच दाखवतो. साध्या पाण्याला रेघ शून्यावर यायला हवी. डोळा लावला. रेघच नव्हती. शून्याच्या खाली जाऊन ती दिसेनाशी झाली होती, म्हणजे यंत्र हळूहळू सरकत पाच-सहा आकडे कमी दाखवायला लागलं होतं, म्हणजे माझं पस्तीस हे एक्केचाळीस होतं. कारखान्यात दर सोमवारी सकाळी मी सगळी यंत्रं शून्यावर लावून घेतो, न लावणाऱ्या पोरांना फाडून खातो. घरातलं हे यंत्र तीन वर्षांत एकदाही लावलं नव्हतं.

मी नळी खाली ठेवली. "खारं आहे," म्हटलं. मग वेणूच्या तोंडातून एक आवाज आला, शिंकेसारखा, आणि ती हसायला लागली. डाव हातात तसाच, रस्सा फरशीवर ठिबकतोय, डोळ्यांतून पाणी, दाराला टेकून हसते आहे. "कसं वाटतंय?" ती म्हणाली. "अहो, कसं वाटतंय? आठ वर्षं! आठ वर्षं मला असं वाटायचं!" आई गोंधळून एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागली. "काय झाला गो? काय वाटायचा?" आणि वेणूनं, जिनं चोवीस वर्षांत सासूला उलट उत्तर दिलं नव्हतं, ते हसत हसत सांगून टाकलं, की आई, तुम्ही माझ्या पातेल्यात बोट घालायचा ना, मला जमिनीनं गिळावं असं वाटायचं. आईचा चेहरा उतरला. खरंच उतरला, मी बघितला. "मना वाटला तुला सांगताव," ती म्हणाली. "माजे आयेनं मना असाच शिकवला." मग टाकीकडे वळून, माझ्याशी, हळू आवाजात: "एकदम गोडा पानी वतू नको. दोन-तीन दिस थोडा थोडा घाल. नाय तर मरतील."

मी तांब्या आणायला आत गेलो तर वेणू ओट्याशी उभी होती. पाठमोरीच म्हणाली, "तो तुटक्या पट्ट्याचा बदललेला आहे." माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. "त्या दिवशी दुपारभर तीनच होते. दिवसभर त्यांच्यासमोर मी बसते, तुम्ही नाही. आणि कढीपत्त्याला मुंग्या लागल्यात."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर हरला असता ना तुम्ही." तिनं गॅस बारीक केला. "मशीन काय मी हौसेनं गॅलरीत नेलं? तिथं दुपारी ऊन बसतं डोक्यावर." मी एवढंच म्हटलं, वेणू, तेव्हा मी आईला सांगायला हवं होतं. तेव्हा, गावाला. "हो, हवं होतं," ती म्हणाली. "चला, पानं घ्या."

पानं घेतली. बाबांना खुर्चीत, आम्ही खाली. वाढायच्या आधी वेणूनं पातेलं उचलून बाहेर आणलं, आईसमोर ठेवलं आणि झाकण काढलं. "आई, बघा जरा मीठ." आईनं हात मागे घेतला, चटका बसल्यासारखा. वेणू म्हणाली, बघा हो, मीच सांगते आहे. तरी आईनं बोट नाही बुडवलं. डावातला एक थेंब तळहातावर घेतला, तोंडाला लावला. मी तिच्या डोळ्यांकडे बघत होतो. ते बारीक झाले नाहीत, मोठे झाले, मग तिनं ते खाली वळवले. "बरोबर हाय," आई म्हणाली. "एकदम बरोबर."

मी पहिला घास घेतला. कालवणात मीठच नव्हतं. कमी नव्हे, नव्हतंच. त्या हसण्याच्या गडबडीत घालायचं राहून गेलं होतं. बाबांनी घास तोंडात फिरवला, "शालन, यान तर मीठ..." म्हणाले, आणि आईनं त्यांच्या बऱ्या गुडघ्यावर चापट मारली. "गप जेवा. डाक्टर काय बोलला?" डॉक्टर मिठाबद्दल काहीच बोलला नव्हता. वेणू सगळ्यांना वाढून शेवटी बसली, घास घेतला आणि थांबली. आई मान खाली घालून भराभर जेवत होती, अळणी कालवण भातावर ओढून ओढून. वेणू तिच्याकडे बघत राहिली. मग उठली, स्टूल ओढलं, वरच्या फळीवरून मिठाची बरणी काढली आणि आणून आईच्या ताटाशेजारी ठेवली. "खोटं बोलता येत नाही तुम्हाला, आई. तुमच्या मुलावर गेलात." दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि दोघी एकदम हसायला लागल्या. बाबांना काहीच कळेना. त्यांनी खुर्चीतूनच वाकून बरणी उचलून घेतली, मीठ घेतलं, आणि आपल्याला जे विचारायचं होतं ते विचारून टाकलं, "मंग आज आमी ऱ्हायाचा का जायाचा?"

"ती खुर्ची तीन मजले परत वर कोण चढवणार, बाबा?" वेणू म्हणाली. "आण्णा गेला कधीच. जेवा."

टाकीत चौघं अजून वरच तरंगत होते, आणि तांब्याभर गोडं पाणी घालायचं बाकी होतं. वेणूनं बरणी माझ्याकडे सरकवली. मी नको म्हटलं आणि तसाच अळणी जेवलो, एक घास न टाकता, पुन्हा वाढून घेऊन.